मी खांब होतो त्या दिवसाची गोष्ट

मला चुना फासला तेव्हा दिवस उगवायचा होता.

खांबाला लावला तोच चुना. तीच बादली, तोच कुंचला. आधी खांबाला दोन हात दिले, मग मला. पाय, पोटऱ्या, पाठ, दंड, मान. शेवटी तोंड. गवंडी म्हातारा मुसलमान होता, सगळे त्याला चाचा म्हणत. माझ्या गालापाशी आल्यावर त्याचा हात थांबला. तो हळूच म्हणाला, "आँख बंद रख, बेटा. और मुझे माफ कर." मी डोळे मिटले. उजवा नीट मिटला गेला नसावा. त्या डोळ्याने मला अजून धुकंच दिसतं, भर उन्हाळ्यातही.

मागून शिरस्तेदारांचा आवाज आला. "कानामागे राहिलंय बघ."

चाचाने कानामागे कुंचला फिरवला.

आता तुम्ही विचाराल, भिंतीला लावायची वस्तू माणसाला कशाला? सांगतो. सांगायला मला आवडतं. चावडीवर बसलो की लोक बिडी पुढे करतात आणि म्हणतात, होऊ दे खांबाची गोष्ट. मी उठून उभा राहतो, हात पसरून हवेला मिठी मारतो, तोंड वेडंवाकडं करतो. पोट धरून हसतात लोक. मीही हसतो. आज लिहितोय, तर हसू जिथे येईल तिथे येऊ द्या. मी आणणार नाही.

बुऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीत मी झाडू मारायचो. माझ्या आधी माझा बा मारायचा, त्याच्या आधी त्याचा बा. आम्ही महार. कचेरीत कायमची एक जागा निघणार होती. खाकी सदरा, कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. आमच्या वाड्यात तोवर कुणाच्याच कमरेला पट्टा आला नव्हता. शिरस्तेदार म्हणजे कचेरीचे मोठे कारकून. तहसीलदार आजारी, त्यामुळे सगळं त्यांच्याच हातात. ते बाला म्हणाले होते, बादशहाचा वाढदिवस नीट पार पडू दे, मग बघू. त्या 'मग बघू'वर आम्ही बापलेक चार महिने जगलो. बा तर झोपेतही पट्ट्याबद्दल बोलायचा.

आता झेंड्याचं. कचेरीपुढे सरकारचा झेंडा असायचा. तो जमादार चढवायचा, जमादार उतरवायचा. मी फक्त खालचा पाला झाडायचो. पण झेंड्याच्या नियमांचं एक पुस्तक होतं, आणि शिरस्तेदारांना ते मोठ्याने वाचायची हौस होती. ऐकून ऐकून माझं पाठ झालं. दिवस उगवला की वर, मावळला की खाली. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश. जाड पांढरी पट्टी खांबाकडच्या अंगाला वर हवी, ती खाली गेली तर झेंडा उलटा, आणि उलटा म्हणजे बादशहाचा अपमान. जमिनीला लागता कामा नये. बादशहा वारला तरच अर्ध्यावर, आणि अर्ध्यावर आणायचा तर आधी पार टोकाला नेऊन मग खाली घ्यायचा. मागचा बादशहा वारला तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. झेंडा अर्ध्यावर आला आणि चौकातली कापडाची दुकानं पटापट बंद झाली. बुऱ्हाणपूरला ती खूण तेव्हापासून ठाऊक होती.

वाढदिवसाला चार दिवस उरले आणि जुना खांब उधईने पडला. नवा सागाचा खांब डोईफोडियाच्या जंगलातून बैलगाडीने आला तो आदल्या संध्याकाळी. चाचाने खड्ड्यात बसवला, दगड ठोकले, चुन्यात विटांचे तुकडे कालवून भरले आणि सांगितलं की हे धरायला तीन दिवस लागतील, तोवर चार बाजूंनी दोर ताणा.

शिरस्तेदारांनी पुस्तक उघडलं. पान मागे, पान पुढे. मग म्हणाले की झेंड्याच्या खांबाला झेंड्याच्या दोरीखेरीज दुसरी दोरी असल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. कमिशनरसाहेब येणार, खांडव्याहून फोटोवाला येणार, आणि बादशहाचा झेंडा काय म्हशीसारखा दाव्याने बांधलेला दिसणार? दोर नकोत. माणूस उभा करा.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पण काळा माणूस पांढऱ्या खांबाला मिठी मारून उभा, हे फोटोत बरं दिसणार नाही, हेही त्यांच्याच लक्षात आलं. हुशार माणूस. चुना उरला होताच.

मी नाही का म्हटलं नाही? पट्टा. दुसरं काही नाही. बा रात्रभर माझ्या कानाशी तेच घोकत होता, एकच दिवस रे, एकच दिवस.

जूनचा पहिला आठवडा. तापीचं पात्र आटून गोटे उघडे पडलेले. झेंडा चढला, बॅंड वाजला. सिंधीपुऱ्यापासून माणसं बघायला आली होती. शाहपूरचे मोठे शेतकरी नवे फेटे घालून खुर्च्यांवर. साहेबाने टोपीला हात लावला आणि त्याच्यामागे सगळ्यांनी झेंड्याला सलाम ठोकला. झेंड्याकडे तोंड म्हणजे माझ्याकडे तोंड. आयुष्यात एवढ्या बड्या लोकांनी मला केलेला तो पहिला आणि शेवटचा सलाम. मी खांब असल्यामुळे उलटा सलाम करता आला नाही.

साहेबाने मला पाहिलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तो म्हणाला की पाहिलं नाही. त्याची नजर खांबावरून खाली आली, माझ्या डोळ्यांपाशी थांबली. त्याने शिरस्तेदारांना काही विचारलं. शिरस्तेदार इंग्रजीत काही बोलले. साहेबाने मान हलवली आणि तो शामियान्यात गेला.

डोक्यावर ऊन आलं. चुना वाळून कातडी ओढायला लागला. घाम आला की चुना ओला होई आणि जिथे ओला होई तिथे भाजे. दोन्ही हात खांबाभोवती, गाल खांबाला. वारा आला की खांब माझ्या अंगावर यायचा, मी त्याला ढकलून सरळ करायचो. शामियान्यातून ताटांचा आवाज येत होता. मी पाणी मागितलं.

कचेरीचा पाणक्या आला. चांगला माणूस होता तो, हेही सांगितलं पाहिजे. हातात लोटा. चार हातांवर थांबला. आम्हाला पाणी कसं मिळतं ते त्यालाही ठाऊक, मलाही. तो वरून धार धरणार, मी ओंजळीत घेणार.

"ओंजळ कर," तो म्हणाला.

मी म्हटलं, हात सोडले तर खांब पडेल.

त्याला ते पटलं. तो विचारात पडला. मग म्हणाला, तोंड वर कर, वरूनच ओततो. मी तोंड वर केलं. तेवढ्यात शिरस्तेदार हात धुऊन बाहेर आले आणि त्यांनी त्याला थांबवलं. तोंडावरचा चुना वाहून जाईल. फोटो अजून व्हायचाय. साहेबांचं जेवण झालं की फोटो.

पाणक्याने विचारलं, मग लोटाच ओठाला लावू का? हे त्याने इतकं हळू विचारलं की पाप विचारतोय असं वाटावं. शिरस्तेदारांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. लोटा कचेरीचा. त्यातून सगळे कारकून पाणी पीत.

असं झालं बघा. ओंजळ करावी तर बादशहाचा अपमान. वरून ओतावं तर रंग जातो. लोटा लावावा तर धर्म बुडतो. शिरस्तेदार वाईट माणूस नव्हते, मारकुटे तर मुळीच नव्हते. त्यांनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, पुस्तकात बोट घालून विचार केला. मग ते म्हणाले, "नियमात बसत नाही रे. थोडं थांब."

पाणक्या लोटा घेऊन परत गेला. पाणी त्याने तुळशीला घातलं. ते मी बघितलं.

बा सकाळपासून कठड्याबाहेर उभा होता. त्याच्या हातात आमच्या घरचं मडकं होतं, भरलेलं. आमचंच मडकं, ते माझ्या ओठाला लागायला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. पण झेंड्यापासून वीस पावलांच्या आत फाटक्या कपड्याचा माणूस येऊ नये, असा त्या दिवसाचा हुकूम होता. मी पाणक्याला काय बोललो ते त्याने ऐकलं असावं. तो कठड्याखालून वाकून आत आला. पाच-सहा पावलं आला असेल. शिपायाने काठी आडवी घालून त्याला मागे लोटलं. मडकं पडलं. फुटलं. पाणी धुळीत गेलं आणि धूळ लगेच कोरडी झाली.

त्याचं मला काही वाटलं नाही. मडकी फुटतात. पुढचं सांगतो. बा खाली बसला, खापऱ्या गोळा करू लागला, आणि मान वर करून शिपायाकडे बघून हसला. असा हसला की जणू पाहुण्याच्या पायावर पाणी सांडलंय. म्हणाला, "चूक झाली, मायबाप."

झेंड्याची दोरी माझ्या कमरेपाशी खुंटीला गुंडाळलेली होती. मी एक हात सोडला. छातीने आणि दुसऱ्या हाताने खांब धरून ठेवला. दोरी सोडली. नियम मोडला नाही मी. आधी झेंडा ओढून पार टोकाला लावला, मग सावकाश खाली घेतला. बरोबर अर्ध्यावर आणून गाठ मारली. जाड पांढरी पट्टी वरच होती.

आधी बॅंड थांबला. मग खुर्च्यांवरचे फेटे उठून उभे राहिले. कठड्याबाहेर कुजबुज झाली आणि चौकाकडे पळत गेली. फळ्या लावल्याचे आवाज ऐकू यायला लागले. एक दुकान, मग दुसरं, मग सगळी रांग. कुणीतरी बाई रडायलाही लागली. बादशहाच्या वाढदिवशी बुऱ्हाणपूरने बादशहाचं सुतक धरलं. साहेब शामियान्यातून बाहेर आला, गळ्याला जेवणाचा रुमाल तसाच. त्याने वर पाहिलं, टोपी काढून छातीशी धरली आणि विचारलं, "कौन मर गया?"

कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

चावडीवर सांगतो तेव्हा मी इथे उत्तर देतो. कधी म्हणतो, मी सांगितलं की मीच मेलो. कधी म्हणतो, मी सांगितलं की तुझा बादशहा. टाळ्या पडतात. खरं हे की मी काहीच बोललो नाही. जीभ टाळूला चिकटली होती. पाण्यावाचून माणसाला शूर वाक्य बोलता येत नाही.

शिरस्तेदार धावत आले. चेहरा चुन्यापेक्षा पांढरा. झेंडा वर घेण्यासाठी त्यांनी दोरीला हात घातला. ते अगदी जवळ आले तेव्हा माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

"धरा."

आणि मी बाजूला झालो.

खांब सावकाश शामियान्याकडे कलायला लागला. शिरस्तेदारांना विचार करायला वेळ मिळाला नाही. नाहीतर त्यांनी पुस्तक उघडलं असतं. त्यांनी खांबाला मिठी मारली. माझ्या घामाने ओला झालेला खांब. जिथे माझा गाल होता तिथे त्यांचा गाल. ते ओरडले की दोर आणा.

आणि दोर आले. सांगतो ना, आले. पाच मिनिटांच्या आत चार बाजूंना चार दोर ताणले गेले, खुंट्या ठोकल्या गेल्या. पुस्तक कुणी काढलं नाही. दोर आणि खुंट्या शामियान्याच्या मागेच पडल्या होत्या, रात्रीपासून.

मी तिथे उभा राहून ते बघितलं. सकाळपासून मला वाटत होतं की नियम आहे. वाईट असेल, पण आहे, आणि तो सगळ्यांच्या वर आहे, साहेबाच्याही. तो नव्हताच. मी होतो म्हणून तो होता.

फाटकापाशी साहेबाच्या बग्गीच्या घोड्यांसाठी पाण्याचा हौद होता. मी त्यात तोंड घातलं. माझ्या चुन्याने पाणी दुधासारखं झालं. घोड्यांनी मग ते प्यायलं नाही. तिथेच मला पकडलं.

फोटो नंतर काढला. आत्ताही कचेरीत टांगलेला आहे. चार दोर आहेत, साहेब आहे, खांबाशेजारी शिरस्तेदार आहेत. नीट बघितलं तर खांबाच्या खालच्या भागावर चुना पुसला गेलेला दिसतो. दोन हातांचा आणि एका छातीचा डाग. दुसऱ्या दिवशी चाचाला बोलावून तोही पांढरा करून घेतला.

तिसऱ्या दिवशी कोठडीत कागद आला. कचेरीचं काम हिंदीत चालायचं, पण माझ्यासाठी शिरस्तेदारांनी मराठीत लिहिला होता, सुंदर अक्षरात. त्यांनीच वाचून दाखवला. "वाढदिवसाच्या आनंदात मी आपखुशीने अंगास चुना लावून खांबास मिठी मारली. मला कोणी सांगितले नव्हते. पाणी वेळोवेळी मिळाले. उन्हाने डोके फिरून माझ्या हातून झेंडा खाली आला, त्याची क्षमा असावी." खाली अंगठ्याची जागा. साहेबाला चौकशीचं झेंगट नको होतं, शिरस्तेदारांना ठपका नको होता. अंगठा दे, घरी जा. शिवाय जागा तुझी. पट्टा, बिल्ला, सगळं. शिरस्तेदार माझ्याशी इतकं गोड कधी बोलले नव्हते. शाईची डबी त्यांनी स्वतःच्या हाताने उघडून ठेवली.

मग बाला आत सोडलं. बा रडत नव्हता. चिडला होता.

"काबर एवढा ताठतो? अंगठ्याले काय लागते? मी जिंदगीभर देत आलो. झिजला का माझा?"

मी त्याला विचारलं, "बा, तुझं मडकं कुणी फोडलं?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "माह्याच हातून सुटलं ना रे."

तो खोटं बोलत नव्हता. तेच मला सहन झालं नाही. तीन दिवस झाले होते आणि बाला खरंच वाटत होतं की मडकं त्याच्या हातून सुटलं. त्याच्या त्या अंगठ्याकडे मी पाहिलं. मला दिसलं की हे कसं होतं. आज मी अंगठा दिला की वर्षा-दोन वर्षांत मलाही वाटायला लागेल, चुना मीच लावून घेतला होता. पाणी मिळालं होतं. कचेरीतल्या कपाटात माझ्या घराण्याचे किती कागद असतील, आणि त्यातल्या किती कागदांवर आम्ही आपल्याच मडक्यांचा गुन्हा कबूल केला असेल.

मी शाईची डबी बंद केली आणि शिरस्तेदारांपुढे सरकवली. एवढंच केलं. आरडाओरडा नाही.

तीन महिने सक्तमजुरी झाली, खांडव्याच्या तुरुंगात. गुन्हा, झेंड्याचा अपमान. चुन्याचा शब्द कागदात कुठेच नव्हता. आमचं कचेरीचं झाडणं गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात बा गेला. मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही, मरताना पट्ट्याबद्दलच बोलला. जागा माझ्या चुलतभावाला मिळाली. तो बिल्ला दाखवायला आला, मी हातात घेऊन पाहिला, चांगला जड होता. पट्टा घालूनही त्याला कचेरीत पाणी ओंजळीतच मिळायचं. शिरस्तेदार बढती होऊन नागपूरला गेले. झेंडा रोज चढतो, रोज उतरतो. मी काही हलवलं असेल तर एक दुपारचा बाजार हलवला, आणि तोही संध्याकाळी पुन्हा उघडला. चावडीवर लोकांना मी हे सांगत नाही.

तुरुंगात एका कैदी मास्तराने मला अक्षरं शिकवली. आता सही येते. वाचता येतं. म्हणून सांगतो, तो कागद अजून आहे. गेल्या महिन्यात चुलतभाऊ वारला. नव्या शिरस्तेदारांनी माणूस पाठवला की जागा रिकामी आहे, जुना कागद रेकॉर्डात तसाच आहे, इतकी वर्षं झाली, आता अडून बसायचं काय कारण. घरात दाणा नसतो हे त्यांना कळलं असावं. माझी बायको त्या माणसाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

मी त्याला सांगितलं, नाही.

आणि घरच्यांना वेगळं सांगून ठेवलंय, कारण मेलेल्याचा अंगठा उठवून घेताना मी पाहिलंय. मला माती द्याल तेव्हा रडायचं नंतर बघा. आधी माझा डावा हात खाली दाबा, त्यावर माती लोटा, आणि तो पुरता झाकला गेल्याशिवाय कचेरीच्या माणसाला खड्ड्याजवळ येऊ देऊ नका.